शाळेच्या आवारातील उघडी जमीन आणि तिच्यासाठी बहुवर्षायू वनस्पतींची निवड



शाळेची बाग म्हटली की झेंडू, जास्वंद, गुलाब आणि भाजीपाल्याचे वाफे डोळ्यांसमोर उभे राहतात. लावलेल्या रोपांची गणती होते, तिचे आकडे अहवालात भरले जातात. परंतु दोन रोपांच्या मधली, वाफ्यांच्या कडेची, वळचणीखालची आणि पटांगणाच्या उतारावरची जी उघडी जमीन, तिचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय ती उघडी जमीन हाच आहे. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील शाळांनी आपल्या आवारात जमिनीलगत पसरणाऱ्या बहुवर्षायू वनस्पती कोणत्या लावाव्यात आणि त्या निवडताना कोणती कसोटी लावावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

उघड्या जमिनीची काळजी कशासाठी, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर पावसाळ्यात शाळेच्या दारातच मिळते. या भागात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि तो जोरदार पडतो. पावसाचा मोठा थेंब ताशी सुमारे 30 किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. त्या आघाताने मातीचे कण सुटे होऊन उडतात आणि मग वाहते पाणी त्यांना घेऊन जाते. अमेरिकेत 1940 च्या दशकात एलिसन या अभ्यासकाने प्रयोगांनी दाखवून दिले की, मातीची धूप केवळ वाहत्या पाण्याने होत नाही. तिचा आरंभ थेंबाच्या या आघातापासूनच होतो. थेंब पानावर पडला तर त्याचा जोर तेथेच मोडतो आणि पाणी सावकाश जमिनीत उतरते. म्हणजे धूप थांबविण्याचा पहिला उपाय बांध नसून पांघरूण आहे. ज्या शाळेच्या भिंतीवर पावसाळ्यात हातभर उंचीपर्यंत चिखलाचे शिंतोडे दिसतात, त्या शाळेची माती उडत आहे, हे शिक्षकाने ओळखावे. काही वर्षांनी जोत्याचे दगड उघडे पडतात आणि पटांगणात वरचा मुरूमच तेवढा शिल्लक राहतो.

आवार खराट्याने झाडून लख्ख ठेवण्याची आपली रीत चांगली आहे. परंतु स्वच्छता आणि उघडेपणा या दोन गोष्टी एक नव्हेत. परिपाठाची जागा, वर्गांपुढील ओटा, मुलांची जाण्यायेण्याची वाट ही झाडलेलीच असावी. कुंपणाची कड, उतार, हातपंपाचा परिसर आणि झाडांच्या बुंध्याभोवतीची जागा मात्र हिरवी असावी. गवत वाढले की साप येतो, ही पालकांची भीती वनप्रदेशात अकारण नाही. म्हणूनच उंच गवत नको, तर घोट्याच्या वर न जाणारी वनस्पती हवी. तिच्यात पाऊल कोठे पडते ते मुलाला दिसते.

आता निवडीची कसोटी पाहू. वनस्पतींचे आयुष्यमानावरून वर्षायू, द्विवर्षायू आणि बहुवर्षायू असे प्रकार पाठ्यपुस्तकात दिलेले असतात. भुईआवळी किंवा टाकळा पावसाबरोबर उगवतो आणि बी देऊन मरतो. असे वर्षायू पांघरूण सुकून उडाले की, पुढील वर्षाचा पहिला पाऊस पुन्हा नागड्या जमिनीवर पडतो. पहिल्या पावसाच्या वेळी माती भुसभुशीत व कोरडी असते, म्हणून तोच पाऊस सर्वांत अधिक घातक. त्या दिवशी जमिनीवर कालचे वाळलेले का होईना, पण मुळाशी धरलेले आच्छादन असले पाहिजे. ते बहुवर्षायू वनस्पतीच देऊ शकते.

परंतु बहुवर्षायू असणे एवढ्यानेच भागत नाही. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे तापमान 45 अंश सेल्सियसच्या पुढे जाते आणि नेमकी त्याच वेळी शाळेला सुटी असते. विदर्भातील शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात. तोवर बागेला पाणी घालणारे कोणी नसते; उलट मोकाट गुरे व शेळ्या आवारात शिरतात. ऑगस्टमध्ये जे रोप डौलदार दिसते ते मे महिन्यात जळून गेले, तर शिक्षकाचे श्रम वाया जातात. त्याहून मोठी हानी अशी की, दरवर्षी लावलेले दरवर्षी मेलेले पाहून मुलांचा लावण्यावरचा विश्वास उडतो. म्हणून शाळेच्या आवारासाठी वनस्पतीची परीक्षा ऑगस्टात न घेता मे महिन्यात घ्यावी. सुटीतील दोन महिने कोणी पाहिले नाही तरी जी मुळांनी जिवंत राहते आणि पहिल्या सरींनी फुटते, ती आपली वनस्पती. अशा वनस्पती रोपवाटिकेत शोधाव्या लागत नाहीत. त्या गावाच्या गोठणावर, शेताच्या धुऱ्यावर, तलावाच्या आणि बोडीच्या काठावर आधीच उभ्या आहेत.

अशा वनस्पतीला आपल्या भाषेने फार समर्पक नाव दिले आहे : पुनर्नवा. हिला घेटुळी असेही म्हणतात. हिच्या फांद्या जमिनीसरपट चारी दिशांना पसरतात, पाने कोवळी असताना भाजी करतात, फुले बारीक व गुलाबी जांभळी असतात. उन्हाळ्यात वरचा भाग सुकतो, परंतु जाड मूळ जमिनीत जिवंत राहते आणि पावसाने ती पुन्हा नवी होते. बहुवर्षायू हा शब्द मुलांना समजावून देण्यास याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही. मात्र ती जमीन सलग झाकत नाही, फांद्यांमध्ये मोकळी जागा राहते. म्हणून तिला इतरांच्या सोबतीने लावावे.

उघड्या उन्हाची आणि मुलांच्या वावराची जागा असेल तर हरळीला पर्याय नाही. तिच्या धावत्या खोडांना पेरापेरांतून मुळे फुटतात, ती तुडविली तरी मरत नाही, गुरांनी खाल्ली तरी पुन्हा वाढते, आणि उन्हाळ्यात वाळली तरी तिची जमिनीखालची खोडे टिकून राहतात. दोन दोष मात्र ध्यानात ठेवावेत. दाट सावलीत ती जगत नाही. आणि भाजीच्या वाफ्यात शिरली तर तिला काढणे कठीण जाते. शालेय परसबागेची हल्ली पोषण आहाराशी सांगड घातली गेली आहे. 2019 साली केंद्र शासनाने शालेय परसबागांविषयी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. म्हणून भाजीच्या वाफ्यालगत हरळी लावू नये. वाफे व हरळी यांच्यामध्ये वीतभर खोल चर ठेवावा आणि चरात आलेली खोडे वेळोवेळी तोडावीत.

हातपंपाजवळ व भांडी धुण्याच्या जागेजवळ पाणी साचून चिखल होतो. तेथे जलपिंपळी लावावी. तिला रतवेलिया असेही नाव आहे. तलावाच्या ओल्या काठावर ती पुष्कळ ठिकाणी आढळते. तिची पाने लहान व टोकाशी दातेरी असून फुलांचे पांढरट गुलाबी झुबके जमिनीपासून थोडेच वर येतात. त्यांवर मधमाश्या व फुलपाखरे येतात, हा मुलांसाठी निरीक्षणाचा आणखी एक लाभ. त्याच ओलीत सावली असेल तर मंडूकपर्णी लावावी. तिचे गोलसर, कंगोरेदार पान बेडकाच्या पायासारखे दिसते. बोलीत हिलाही ब्राह्मी म्हणतात आणि लहान, जाडसर पानांच्या नीरब्राह्मीलाही ब्राह्मीच म्हणतात. दोन्ही ओल्या जागी जमिनीलगत पसरणाऱ्या असल्याने आपल्या कामाला दोन्ही चालतील. परंतु मुलांना भेद दाखवून द्यावा. औषधी म्हणून ख्याती असली तरी शाळेत त्यांची पाने औषध म्हणून कोणास देऊ नयेत. ते काम वैद्याचे व डॉक्टरांचे.

मुरमाड, कोरड्या उतारावर वरीलपैकी ओलीच्या वनस्पती टिकणार नाहीत. तेथे विष्णुक्रांता शोधावी. माळावर व खडकाळ जमिनीत सरपटणारी ही बारीक, लवदार वनस्पती निळ्या इवल्याशा फुलांवरून सकाळी चटकन ओळखू येते. तिचे मूळ काष्ठमय असते, म्हणून ती अवर्षण सोसते. पक्व बी गोळा करून पहिल्या पावसाबरोबर उतारावर मुरडून टाकावे आणि मधून मधून हरळीचे तुकडे रोवावेत.

मोह, आंबा अथवा चिंच यांच्या दाट व कोरड्या सावलीत मात्र काहीच लावण्याचा हट्ट धरू नये. तेथे झाडाने स्वतःच पांघरूण घातलेले असते; ते म्हणजे पालापाचोळा. तो झाडून जाळण्याऐवजी बुंध्याभोवती पसरू द्यावा आणि उरलेला उन्हाळ्यापूर्वी नव्या लागवडीवर अंथरावा. वणव्याच्या ऋतूत आवारात आग न लावणे हाही वनप्रदेशातील शिक्षणाचा एक पाठच आहे.

लागवडीची रीत सोपी आहे. जुलैच्या आरंभी, दोन तीन चांगले पाऊस झाल्यावर, धुऱ्यावरून किंवा बोडीच्या काठावरून मुळांसकट तुकडे आणावेत. प्रत्येक तुकड्याला दोन तीन पेरे असावेत. एकेक वीत अंतरावर, उताराला आडव्या ओळींत, दोन पेरे मातीत दाबून एक वर ठेवावे. ओळी उताराच्या दिशेने काढल्या तर त्याच पाण्याच्या वाटा बनतात, म्हणून त्या आडव्याच हव्यात. पहिल्या वर्षी आवाराचा एक कोपराच घ्यावा. जून उजाडल्यावर जे जगले असेल त्याचेच तुकडे पुढील भागात लावावेत. तुकडे एखाद्याच्या धुऱ्यावरून घ्यावयाचे तर मालकाला विचारावे, आणि जंगलातून आणावयाचे तर ग्रामसभेला व वनखात्याला. धानोरा तालुक्यातील मेंढा लेखा गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाले आणि गावाच्या जंगलाचा निर्णय ग्रामसभेत होतो, हे या जिल्ह्यातील मुलांना ठाऊक असावयास हवे. एका टोपलीभर रोपांसाठीही विचारून घ्यावे, ही सवय लहानपणीच लागते.

काय लावावे याइतकेच काय लावू नये हेही महत्त्वाचे आहे. सराटा किंवा गोखरू जमिनीवर छान पसरतो, पण त्याची काटेरी फळे अनवाणी मुलांच्या पायांत रुततात. लाजाळू मुलांना प्रिय, तरी तिचे देठ काटेरी आहेत. ती लावावयाचीच तर कुंडीत. शहरांतील बागांत व रस्त्यांच्या दुभाजकांत पिवळ्या फुलांची वेडेलिया बारमाही हिरवी दिसते आणि तिचे तुकडे कोणीही आनंदाने देतो. ती मुळीच घेऊ नये. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या जगातील 100 अत्यंत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे. घाणेरी, जिला काही भागांत रायमुनिया म्हणतात, तीही त्याच यादीत आहे. ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बागेच्या शोभेसाठीच भारतात आणली गेली. आज देशभरातील जंगलांत तिची जाळी माजून गवताला व रोपांना जागा उरत नाही. ज्या शाळेच्या कुंपणापलीकडे जंगल सुरू होते, तिच्या आवारात लावलेले रोप आवारापुरते राहत नाही. ताडोबासारख्या, 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या वनाच्या शेजारच्या शाळांवर ही जबाबदारी अधिकच येते.

या कामातून अध्यापनास मिळणारे साहित्य विपुल आहे. पत्र्याचे दोन सारखे उथळ डबे घ्यावेत. एकात उघडी माती, दुसऱ्यात त्याच मातीवर हरळीचा थर ठेवावा. दोन्ही डबे विटेच्या आधाराने तिरपे करून झारीने सारखेच पाणी ओतावे आणि वाहून आलेले पाणी दोन काचेच्या पेल्यांत धरावे. रात्रभर ठेवल्यावर तळाशी बसलेला गाळ मुलांनी पट्टीने मोजावा. एका तासात धूप, पृथक्करण, मापन आणि तुलना हे चार पाठ होतात. भाषेच्या तासाला वनस्पतींची नोंदवही करावी. कोणाच्या घरी गोंडी वा माडिया, कोणाकडे छत्तीसगढी, सिरोंचाकडे तेलुगू आणि मुलचेराकडे बंगाली बोलली जाते. एकाच वनस्पतीची घरोघरची नावे मुलांनी आजी आजोबांकडून विचारून आणावीत आणि मराठी नावाशेजारी लिहावीत. घरच्या भाषेला वहीत जागा मिळाली म्हणजे वर्गात मुकाट बसणारे मूलही बोलू लागते.

सन 1937 मध्ये शेजारच्या वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत, हाताच्या कामातून शिक्षण द्यावे, हा विचार महात्मा गांधींनी देशापुढे मांडला. त्यासाठी मोठी साधने लागतातच असे नाही. एक खुरपे, एक टोपली, धुऱ्यावरची चार मुळे आणि दोन पावसाळ्यांचा धीर एवढे पुरे आहे. येत्या मे महिन्यात शाळेला कुलूप लावण्यापूर्वी प्रत्येक शिक्षकाने आवाराला एक फेरी घालावी आणि कोठे काय जिवंत आहे हे नोंदवून ठेवावे. शाळा उघडल्यावर त्याच नोंदवहीतून नव्या लागवडीचा आरंभ करावा.