पित्त म्हणून सोडून देऊ नका



आमच्या पलटणीतले एक सुभेदारसाहेब निवृत्तीनंतर भेटले, तेव्हा त्यांचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. मी म्हटलं, "साहेब, फिटनेस झकास!" ते हसले. "जेवण जात नाही, सर. चार घासांत पोट भरतं. पित्त आहे, दुसरं काही नाही."

आठ महिने ते पित्ताच्या गोळ्या घेत होते. गोळीने बरं वाटायचं, म्हणून तपासणी राहिली. दुर्बीण घातली तेव्हा जठराचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. साहेब गेले. तो पट्टा मीही पाहिला होता आणि कौतुक करून मोकळा झालो होतो. ते आजही बोचतं.

हा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. बऱ्याचदा सुरुवात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जंतूपासून होते. 1984 साली ऑस्ट्रेलियाच्या डॉ. बॅरी मार्शल यांनी हे जंतू स्वतः पिऊन दाखवलं की त्यांनी जठराला सूज येते. 2005 साली त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. हा जंतू आपल्याकडे कोट्यवधी लोकांच्या पोटात असतो. बहुतेकांना कॅन्सर होत नाही. पण काहींत ही सूज वर्षानुवर्षं राहते आणि अस्तर बदलत जातं. त्यात तंबाखू, खारवलेलं आणि धुरावलेलं अन्न भर घालतं. देशात या कॅन्सरचं प्रमाण मिझोरममध्ये सर्वांत जास्त आहे. तिथे धुरावलेलं मांस रोजच्या जेवणात असतं आणि तंबाखूचा धूर मुरवलेलं पाणी, तुइबूर, तोंडात धरायची सवय आहे. आपली मिश्री आणि मळलेला तंबाखूही काही वेगळी नाही.

पहारेकरी ओरडतो म्हणून आपण त्याचंच तोंड बंद करत नाही. गोळी नेमकं तेच करू शकते: दुखणं दबतं, आजार आत वाढतो.

म्हणून लक्षात ठेवा. चाळिशीनंतर नव्याने सुरू झालेलं पित्त, थोडक्यात पोट भरणं, कारण नसताना वजन उतरणं, घास अडकणं, वारंवार उलटी, काळी शौच, रक्त कमी होणं. यांतलं काहीही दिसलं, तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा, "दुर्बिणीची तपासणी करायची का?" ती काही मिनिटांची असते. जंतू सापडला तर साधारण दोन आठवड्यांच्या औषधांनी बहुतेकदा जातो. कॅन्सर अगदी लवकर सापडला, तर काही वेळा दुर्बिणीतूनच काढता येतो.

आणि घरात कुणाचा पट्टा सैल होत असेल, तर कौतुक नंतर करा. आधी विचारा, "जेवण जातंय ना?"

जय हिंद.