धनगरी ओवी आणि ध्वनिमुद्रिका

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात सांगवी येथे केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, त्याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आम्ही कोणी विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि प्राथमिक शाळेतील तीन तपांची नोकरी, एवढीच आमची शिदोरी. संगीतशास्त्राचा तर आम्हांस गंधही नाही. तथापि ज्या घरात आम्ही वाढलो त्या घरात ओवी होती, आणि ती आमच्याच हातून कशी नाहीशी झाली हे सांगण्याचा अधिकार मात्र आम्हांस आहे. तो प्रसंग यथाक्रम सांगू. प्रथम विषयाची थोडी ओळख करून देतो.

आजची मुले गाण्यांच्या संग्रहाला ‘आल्बम’ म्हणतात. हा शब्द गाण्याला कसा चिकटला, हे पाहण्यासारखे आहे. पूर्वीच्या तबकड्या मिनिटास ७८ फेरे घेत आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. लांबलचक संगीत द्यावयाचे तर अनेक तबकड्या लागत. त्या छायाचित्रांच्या वहीसारख्या जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत घालून विकल्या जात, म्हणून त्या संचाला आल्बम म्हणू लागले. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेत लांब पल्ल्याची तबकडी निघाली आणि एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मावू लागली, तरी नाव तेच राहिले.

आपल्या देशात ध्वनिमुद्रण करण्यासाठी पहिले विलायती पथक १९०२ साली कलकत्त्यास आले. त्यानंतर मराठीतही तबकड्या निघू लागल्या. नाट्यपदे आली, लावण्या आल्या, पोवाडे आले. ज्यांना तीन मिनिटांत आटोपणे शक्य होते ते सर्व आले. जी कला रात्रभर चालते तिचे काय झाले? ती तबकडीच्या दाराशी उभी राहिली आणि तशीच माळावर परत गेली. आपली धनगरी ओवी ही अशीच कला होय.

येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना ओवी म्हणजे काय हे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु शहरात वाढलेल्या मुलांसाठी सांगतो. जात्यावर बायका म्हणत ती ओवी निराळी आणि वाड्यावर पुरुष मंडळी म्हणत ती ओवी निराळी. वाडा म्हणजे चिरेबंदी वाडा नव्हे. मेंढरांमागे एकत्र फिरणाऱ्या बिऱ्हाडांचा तळ तो वाडा. दिवसभराची चराई आटोपून मेंढरे वाघरीत कोंडली, भाकरी खाऊन झाली, म्हणजे मंडळी घोंगड्या टाकून बसत. मुख्य गाणारा एक ओळ टाकी, साथीदार ती उचलून धरीत. काही वेळ गाऊन झाले की तोच गाणारा तो कथाभाग झपाट्याने बोलून सांगे, आणि पुन्हा गाणे सुरू होई. बिरोबाचा जन्म, धुळोबाचे चरित्र, खंडोबाने बाणाईसाठी केलेली चाकरी, वीरच्या म्हस्कोबाची कथा, असे हे आख्यान चाले. त्यात देव असत, तशी मेंढरेही असत. पाऊस असे, दुष्काळ असे, घाट आणि नद्या असत. नीरा ओलांडली की फलटणकडील धुळोबाचा मुलूख लागतो. जेजुरीही येथून फार लांब नाही. म्हणजे ज्या देवांच्या ओव्या आपण गात होतो त्यांची ठाणी आपल्या पायवाटेवरच होती.

ही ओवी केवळ करमणूक नव्हती. लिहिता न येणाऱ्या समाजाचे ते पुराण होते, तोच इतिहास होता आणि भूगोलही तोच होता. आमचे आजोबा दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाटाखाली कोकणात उतरत आणि पावसाळ्याच्या तोंडी परत येत. त्यांनी नकाशा कधी पाहिला नव्हता, परंतु कोणत्या घाटाने उतरावे, कोठे पाणी लागते, कोणत्या देवस्थानापाशी मुक्काम करावा, हे त्यांना तोंडपाठ होते. यातील पुष्कळसे ओवीच्या आणि कथेच्या आधारानेच पाठ राहत असे.

आता जगात इतरत्र लोकगीतांचे काय झाले ते थोडक्यात पाहू. हंगेरी देशात बेला बार्टोक आणि झोल्तान कोडाय हे दोघे संगीतकार १९०५-०६ च्या सुमारास मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रण करणारे यंत्र घेऊन खेडोपाडी हिंडले आणि शेतकऱ्यांची गाणी त्यांनी टिपून घेतली. अमेरिकेत १९२७ च्या उन्हाळ्यात ब्रिस्टल नावाच्या गावी एका तबकडी कंपनीच्या माणसाने मुक्काम टाकला आणि डोंगराळ मुलखातील गाणाऱ्यांना बोलावून घेतले. तेथे आलेले कार्टर कुटुंब आणि रेल्वेत काम केलेला जिमी रॉजर्स यांच्या तबकड्या पुढे देशभर गाजल्या. आज अमेरिकेत ‘कंट्री’ म्हणून जे संगीत ओळखले जाते त्याची मुहूर्तमेढ तेथे रोवली गेली असे मानतात. कार्टर कुटुंबातील कर्ता पुरुष पुढे डोंगरोडोंगरी गाणी गोळा करीत हिंडे. त्याच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय वादक असे. कार्टरने शब्द उतरून घ्यावेत आणि रिडलने चाल ध्यानात ठेवावी, अशी ती वाटणी होती. तबकड्या मात्र कार्टरांच्या नावाने निघाल्या. ज्याने चाली आणल्या तो पुष्कळ वर्षे अज्ञातच राहिला. ही गोष्ट आपण मनात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

आपल्या महाराष्ट्रात हे काम प्रथम लेखणीने झाले. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून छापल्या. सरोजिनी बाबर यांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीच्या द्वारे लोकसाहित्याचे अनेक ग्रंथ प्रसिद्ध केले. हे उपकार थोर आहेत; परंतु पुस्तकात शब्द उरतो, गळा उरत नाही. १९८० नंतरच्या काळात पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांतील कित्येकांचे पुढे ध्वनिमुद्रणही झाले आणि २०१७ पासून त्या इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या करण्यात येऊ लागल्या. दळणाऱ्या बाईचे नाव व गाव तेथे नोंदलेले आहे, हे विशेष होय.

आणि आपल्या समाजाच्या ओवीसाठी कोण आले? जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोन्थायमर आले. हा गृहस्थ मराठी शिकला, जेजुरीस गेला, वीरला गेला, धनगरांच्या तळावर बसला आणि ध्वनिफितीवर त्याने ओव्या घेतल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या तीन देवांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली निघाला. १९९२ मध्ये ते वारले. त्यांनी मुद्रित केलेली बिरोबाची आणि धुळोबाची अशा दोन प्रदीर्घ ओव्या अ‍ॅन फेल्डहाउस यांनी रामदास अटकर आणि राजाराम झगडे यांच्या सहकार्याने २०१४ मध्ये इंग्रजीत आणल्या. सात समुद्रापलीकडचा माणूस आपल्या घोंगडीवर येऊन बसला आणि आपण मात्र घोंगडी झटकून उठलो, ही गोष्ट आम्हांस बोचते.

आपण का उठलो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, माळ नांगराखाली गेले, चराई आटली. मुले शाळेत गेली, आणि ते योग्यच झाले. आम्ही स्वतः त्याच वाटेने मास्तर झालो. परंतु शाळेत गेलेल्या मुलास वाड्यावरच्या ओवीची लाज वाटू लागली, आणि हे मात्र योग्य झाले नाही. त्या मुलांत आम्हीही होतो.

आता तो प्रसंग सांगतो. १९८६ साली आम्ही पगारातून पैसे साठवून एक टेपरेकॉर्डर घेतला. आमचे एक चुलते ओवीचे नामांकित गाणारे होते. एका रात्री त्यांना यंत्रापुढे बसविले. ते थोडा वेळ गाऊन थांबले आणि यंत्राकडे पाहून म्हणाले, “हे सगळं ऐकून घेतंय, मग पुढची ओळ का उचलत नाही?” आम्ही हसलो. मग घरातील दोघे-तिघे साथीला बसले, आणि चुलते पहाटेपर्यंत गायिले. तीन कॅसेटी भरल्या. चार वर्षांनी चुलते गेले.

पुढे एका वर्षी शाळेचे स्नेहसंमेलन होते. मुलांच्या नाचासाठी गाणी भरून घ्यावयाची होती. संध्याकाळची वेळ, कोरी कॅसेट मिळेना. आम्ही घरातील कपाटातून त्या तीन कॅसेटी काढल्या. मनात म्हटले, ओवी काय, कोणीही पुन्हा म्हणून देईल. कॅसेटीच्या पाठीवर प्लॅस्टिकच्या दोन लहान जिभल्या असतात. त्या मोडून टाकल्या म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. आम्ही त्या मोडल्या नव्हत्या.

संमेलन उत्तम झाले. पुढे चुलतीने एकदा विचारले, “त्यांचा आवाज लाव की.” आम्ही कॅसेट लावली. सिनेमाची गाणी वाजू लागली. एका बाजूच्या शेवटी गाणी संपली, आणि उरलेल्या फितीत एकाएकी चुलत्यांचा आवाज आला. एक ओळ, साथीदारांची उचल, मध्येच कुत्र्याचे भुंकणे, चुलत्यांचा खोकला, आणि फीत संपली. सारी मिळून तीन मिनिटे भरतील. चुलती एवढेच म्हणाली, “एवढंच राहिलं का?” ती आम्हांस कधी रागे भरली नाही. भरली असती तर बरे वाटले असते.

बंधुभगिनींनो, कॅसेटी आल्या तेव्हा आपल्या लोककलांना मोठा बाजार मिळाला, हे खरे. पसरणीचे शाहीर साबळे यांनी लोकगीते घरोघर पोहोचविली. राजा बढे यांचे त्यांनी गायिलेले महाराष्ट्रगीत २०२३ मध्ये राज्यगीत झाले. जागरण-गोंधळाच्या कॅसेटींनी छगन चौगुले यांचे नाव गावोगाव नेले. २०२० मध्ये ते वारले तेव्हा खेडोपाडी हळहळ झाली. आम्ही या कलावंतांपुढे नतमस्तक आहोत. परंतु बाजाराची एक रीत आहे. तो रात्रीतून पाच मिनिटे उचलतो, त्यातले ताल धरण्याजोगे तेवढे ठेवतो आणि उरलेली रात्र टाकून देतो. वर गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ असा शब्द छापतो. परंपरा ही कोणा माणसाच्या तोंडून आली, त्या माणसाला नाव होते, हे त्या शब्दाखाली झाकले जाते. लेस्ली रिडलची कथा आम्ही याचसाठी सांगितली. आपल्या देशात स्वामित्वहक्काच्या कायद्यात १९९४ मध्ये गाणाऱ्या-वाजविणाऱ्या कलावंताच्या हक्काचे कलम आले आहे. तेव्हा आपल्या वृद्ध गायकाकडून कोणी काही मुद्रित करून नेत असेल तर त्याचे नाव, गाव आणि संमती कागदावर घेतलीच पाहिजे, असा आग्रह धरण्यास आपण कचरू नये.

आता शेवटी कर्तव्याविषयी. आमच्या चार सूचना आहेत. पहिली, प्रत्येक कुटुंबाने घरातील किंवा भावकीतील एका वृद्धाचा आवाज येत्या वर्षात मुद्रित करावा. आज प्रत्येकाच्या खिशात यंत्र आहे. आमच्यासारखा पगार साठवावा लागत नाही. दुसरी, मुद्रणाच्या आरंभी गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि ओवी कोणापासून शिकला हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे. तिसरी, गाण्यामध्ये आलेला कथाभाग, थांबणे, खोकणे, साथीदारांची चूक, काही कापू नये. देवाच्या ठाण्यावरच म्हणावयाचा काही भाग कोणी यंत्रापुढे म्हणण्यास नकार दिला, तर त्या नकाराचा मान राखावा. चौथी, घरात जुन्या कॅसेटी असतील त्यांच्या जिभल्या आजच मोडा, आणि फीत बुरसण्यापूर्वी त्यांच्या दोन प्रती करून एक मंडळाकडे द्या.

तथापि मुद्रण करून कपाटात ठेवले म्हणजे ओवी वाचली, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. चुलते म्हणाले तेच खरे. यंत्र ऐकून घेते, पुढची ओळ उचलत नाही. ती उचलण्यास माणूस लागतो. तुकोबांची पालखी काटेवाडीत येते तेव्हा मेंढरांचे रिंगण होते. तेथे मेंढरांमागे धावणारी मुले आम्ही पाहतो, आणि वाटते की यांच्या पायांत अजून वाट शिल्लक आहे, गळ्यातही असेल.

चुलत्यांची ती तीन मिनिटे आम्ही आज बरोबर आणली आहेत. भाषण संपल्यावर ती आपणांस ऐकवू. एक ओळ झाल्यावर साथीदारांची उचल येते, त्या वेळी ज्यांना ती ओळ ठाऊक असेल त्यांनी बसल्या जागेवरून साथ करावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जय मल्हार.