गाण्यातला परदेश



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याजवळ एक जुनी बाजाची पेटी होती. तिच्या दोन पट्ट्या वाजत नसत. त्या पट्ट्यांचे स्वर गुरुजी गळ्याने भरून काढीत आणि आम्ही मुले ते ऐकून गात असू. त्यामुळे आमच्या पिढीच्या पुष्कळ गाण्यांत दोन स्वर गुरुजींचे आहेत. अशा माणसाच्या नावाने बोलायचे तर विषय गाण्याचाच असावा, असे मी ठरवले. संयोजकांनी मात्र माझ्या परदेशप्रवासाविषयी बोलावे असे सुचवले होते. मी दोन्ही एकत्र करतो.

परदेशी मी दोनदाच गेलो. पहिल्यांदा १९९७ साली पोर्तुगालला. ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयात आपल्या भागातून गेलेली जुनी हस्तलिखिते आहेत. रामायण-महाभारतातील कथा तिथे रोमी लिपीत लिहिलेल्या आहेत, काही कोंकणी गद्यात, तर काही मराठी पद्यात. त्यांविषयी मी इतरत्र लिहिले आहे, आज पुनरुक्ती करीत नाही. दुसऱ्यांदा निवृत्तीनंतर मुलाकडे लंडनला गेलो. त्या मुक्कामात एके दिवशी हट्टाने ब्रायटनला गेलो, कारण उघड आहे.

१९०९ साली याच किनाऱ्यावर सव्वीस वर्षांच्या विनायक दामोदर सावरकरांना 'सागरा प्राण तळमळला' हे काव्य सुचले. त्या जुलैत मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीचा वध केला होता, परतीच्या वाटा आवळत चालल्या होत्या. आपण हे गीत राष्ट्रीय सणांना म्हणतो, ताठ उभे राहून म्हणतो. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीने ते घराघरांत गेले. परंतु एका गोष्टीचा आपल्याला विसर पडला आहे असे मला वाटते. मुळात ते समरगीत नाही. घरच्या आठवणीने कासावीस झालेल्या तरुणाचे समुद्राशी चाललेले ते भांडण आहे. परत आणून सोडीन असा शब्द दिलास आणि मोडलास, ही त्याची तक्रार आहे. गुरुजींनी आम्हांला ते शिकवले तेव्हा आमच्यापैकी निम्म्या मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता. आमचे पाणी म्हणजे ओहोळ आणि विहिरी. तरी आम्ही जीव तोडून गायलो.

ब्रायटनला गेलो तेव्हा मी काही भव्य अनुभवाच्या अपेक्षेत होतो. तिथल्या किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. पाऊल टाकले की खालून खडखड असा आवाज येतो आणि तोल जातो. मी मनातल्या मनात गीत म्हणू लागलो. डोळ्यांसमोर काय यावे? मातृभूमी नाही, सावरकरही नाहीत. आला तो इथला शेणाने सारवलेला वर्ग, गुरुजींची पेटी आणि तिच्या मुक्या पट्ट्या. मी थोडा खजीलच झालो. पण आता उलटे झाले आहे. पंधरा ऑगस्टला मुले हे गीत गाऊ लागली की माझ्या पायांखाली ते गोटे खडखडतात. गाण्याने मला ब्रायटनमध्ये लाटंबार्से दाखवले, आणि लाटंबार्शात ते ब्रायटन दाखवते. जिथे आपण नसतो तिथलेच ते आणते.

दुसरेही एक माझ्या ध्यानात आले आहे. गाणे आणते ते क्षुल्लक आणते. लिस्बनमधील मोठमोठ्या वास्तू मी वहीत टिपून पाहिल्या. त्यांतले आज फारसे आठवत नाही. पण पणजीत एखाद्या कार्यक्रमात सोनिया शिरसाट यांचा फादो ऐकला की रस्त्याकडेला निखाऱ्यांवर भाजल्या जाणाऱ्या चेस्टनटचा धूर नाकात शिरतो. त्या धुराने मला तेव्हा काजूच्या बिया भाजल्याची आठवण झाली होती. पाठोपाठ आठवते ती माझ्या उतारघरातली लाकडी जिन्याची अकरावी पायरी. ती करकरत असे.

फादोविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. लिस्बनच्या आल्फामा, मोरारिया अशा जुन्या, दाटीवाटीच्या वस्त्यांतले हे गाणे. खलाशी, कष्टकरी, वाट पाहणाऱ्या बायका यांचे. सोबतीला बारा तारांची पोर्तुगीज गिटार. गायिका बहुधा खांद्यावर काळी शाल घेते. दिवे मंद करतात, जेवणारे हातातले काटे खाली ठेवतात, मगच गाणे सुरू होते. २०११ साली युनेस्कोने त्याची मानवजातीच्या वारशात नोंद केली. त्याच्या मुळाशी 'सौदाद' नावाची भावना आहे म्हणतात. या शब्दाला मराठी प्रतिशब्द नाही असे आमचे काही विद्वान मित्र सांगतात. मला ते पटत नाही. सासुरवाशिणीच्या ओवीत ती भावना पुरेपूर आहे. तिला वेगळे नाव द्यावे असे कुणा बाईला वाटले नाही, इतकेच.

आणि इथे मी माझ्या खऱ्या विषयाशी येतो.

आज इथून दोडामार्गला जायला वेळ लागत नाही. बाजाराला जातो, लग्नाला जातो, दुपारच्या जेवणाला घरी परततो. १९६१पर्यंत मात्र तो परदेश होता. अलीकडे पोर्तुगालचे राज्य, पलीकडे भारत. माझी आते पलीकडच्या गावात दिलेली होती. इथून पायी दोन-अडीच तासांची वाट. लग्न झाले तेव्हा कुणी हद्दीचा विचार केला नव्हता, देव एक, बोली एक, गणगोत एक. १९५५च्या ऑगस्टात सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यानंतर ये-जा जवळजवळ बंद झाली. त्याच वर्षी पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण सुरू झाले होते. वडील सांगत, गावातल्या एका दुकानदाराच्या बॅटरीवरच्या रेडिओभोवती माणसे जमत. रामाचा वनवास परवान्याशिवाय हद्द ओलांडून येत असे. माणसांना ते साधत नव्हते.

त्या पावसाळ्याच्या शेवटी माझी आजी वारली. आतेला निरोप पोचला तो सातव्या दिवशी. ती आली नाही. रात्री रानवाटेने काही माणसे ये-जा करीत, पण लेकुरवाळ्या बाईने ते धाडस कसे करावे? पुढे काहींना परवाने मिळू लागले. आतेच्या घरच्यांनी त्या वाटेला जायचे टाळले. अशी सहा वर्षे गेली.

१९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, आणि त्याच महिन्यात आते आली. मी अकरा वर्षांचा होतो. तिने कुणाशी बोलणे केले नाही. सरळ माजघरात गेली, आजीच्या जात्यापाशी बसली, खुंटा धरला. जात्यात दाणे नव्हते. दगडावर दगड फिरत होता, आणि ती गात होती. बोलायचे कोंकणीत आणि ओवी म्हणायची मराठीत, याचे आमच्या घरात कधी कुणाला नवल वाटले नाही. त्यावरची भांडणे पुढची. आई दाराआड उभी राहून डोळे पुसत होती. रिकाम्या जात्याचा तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

पुढे ओव्यांवरच्या माझ्या प्रबंधासाठी मी ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन आतेकडे गेलो. तिने तीन दिवसांत पुष्कळ ओव्या सांगितल्या. माहेरच्या वाटेच्या, भावाच्या, पंढरीच्या. मी ती एक मागितली. ती म्हणाली, "ती सांगपाची न्हय." मी अभ्यासकाच्या उत्साहाने पुन्हा विचारले, परदेशी राहिल्यासारखे वाटले का गं त्या वर्षांत? तेव्हा म्हणाली, "हांव खंयच वचूंक ना रे. शीमच म्हज्या दारांत आयली." प्रबंध मान्य झाला, त्याचे कौतुकही झाले. त्यात ती ओवी नाही, हे परीक्षकांना कळण्याचे कारण नव्हते. मला ते कळत होते.

केसरबाई केरकरांची गोष्ट इथे आठवते. फोंडा तालुक्यातील केरी गावच्या या बाईंनी गायिलेली साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्णलेपित तबकडीत गेली. एकटीच कुठे निघालीस, असे विचारणारी ती चीज. त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. त्यांपैकी एक यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. कुणा गोमंतकीयाचे गाणे याहून लांब गेलेले नाही. आणि आतेची ओवी माजघराबाहेरही आली नाही.

आल्फामातल्या त्या रात्री दिवे मंद झाले, काळी शाल घेतलेली एक प्रौढ बाई उभी राहिली. शब्द मला अर्धेमुर्धेच कळत होते. तिने तिसऱ्या ओळीवर स्वर खाली आणून जो जरा थांबवला, तिथे मला जाते ऐकू आले. आते त्याच जागी थांबली होती. खुंटा वळवायला जितका वेळ लागतो तितकाच. छत्तीस वर्षांपूर्वी ऐकलेली चाल मला तिथे, त्या परक्या गावात, पुरी आठवली. आता फादो लागला की लिस्बन आठवते, आणि लिस्बन आठवले की आमचे माजघर.

आते जाऊन बरीच वर्षे झाली. चाल माझ्याजवळ आहे. शब्दांतले दोन-तीनच उरले आहेत, आणि त्यांवरून ओवी जुळत नाही. ती तिने स्वतः रचली होती की पलीकडच्या गावातल्या बायका त्या वर्षांत म्हणत होत्या, ते मला सांगता येत नाही. या सभागृहात हद्दीपलीकडून आलेल्या पुष्कळ सुना बसल्या आहेत, त्यांच्या सासवांपैकी काही घरी असतील. व्याख्यान संपल्यावर मी मुख्याध्यापकांच्या खोलीत बसणार आहे. मी चाल म्हणून दाखवीन. कुणाला शब्द आठवले तर सांगावेत, वही बरोबर आणली आहे.