जुन्या मोटारीचा क्लच

मी यंत्रशास्त्री नाहीं. आयुष्यभर मुलांना गणित शिकविलेला एक निवृत्त शिक्षक आहें. तरीहि आज मोटारीच्या क्लचविषयीं चार शब्द बोलणार आहें.

आमच्या वरळी कोळीवाड्याच्या गल्ल्या अरुंद. मोटार बाहेर रस्त्यावरच ठेवावी लागते. तेथें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची एम. जी. बी. ही दोन आसनांची गाडी उभी असते. इंग्लंडांत ॲबिंग्डन येथें १९६२ ते १९८० या काळांत ह्या गाड्या तयार झाल्या. त्याच्या वडिलांची ती एवढीच आठवण. गेल्या पावसाळ्यानंतर ती गिअर घेईना. मागें घेतांना तर कर्कश खरखर होई. एका कारागिरानें पाहतांक्षणींच सांगितलें कीं, इंजिन उतरवून सगळा क्लच बदलावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून मुलगा म्हणाला, "गुरुजी, विकून टाकतों. परवडत नाहीं."

त्या कारागिराचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. क्लचची तबकडी इंजिन व गिअरपेटी यांच्यामध्यें दडलेली असते आणि या गाडींत इंजिन काढल्यावांचून ती हातीं लागत नाहीं. परंतु म्हणूनच तें काम शेवटीं करावयाचें, आरंभीं नव्हे.

क्लचचीं दुखणीं मुख्यतः दोन. एक, तो सुटत नाहीं. मग गिअर खरखरतो. दुसरें, तो धरत नाहीं. मग चढावर इंजिन ओरडतें, पण गाडी वेग घेत नाहीं. आमचें दुखणें पहिलें होतें. पेडल दाबलें कीं वरच्या सिलिंडरांतील तेल नळींतून खालच्या सिलिंडरांत जातें, तेथील दांडी पुढें सरकते आणि तबकडी मोकळी होते. ही सारी सांखळी इंजिनाच्या बाहेरच आहे.

शेजारीं होड्यांचीं इंजिनें दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "मास्तर, आधीं बाहेरचें बघूं, पोट मागाहून फाडूं." तेलाची पातळी ठीक होती, गळतीहि नव्हती. पेडल भरभर चारपांच वेळां दाबूनहि फरक पडेना, म्हणजे नळींत हवा नसावी. मग चाकांना दगड लावून मी फूटपट्टी घेऊन खालीं शिरलों. दांडी सुमारें अर्धा इंच सरकावयास हवी. ती जेमतेम पाव इंच सरकत होती. उरलेला पाव इंच गेला कोठें? तो पेडलपाशींच सांपडला. पेडल व दांडी जोडणारी पिन झिजून अर्धी झाली होती आणि तिचें भोंक लांबट झालें होतें. लेथवाल्याकडून भोंक भरून घेतलें, नवी पिन बसविली आणि गिअर निमूटपणें पडूं लागला. घरच्या आठवड्याच्या मासळीहून अधिक खर्च आला नाहीं.

दोन सूचना मात्र ध्यानांत ठेवाव्या. या सिलिंडरांत ब्रेकचेंच तेल घालावें. इंजिनाच्या तेलानें आंतील रबर फुगून निकामी होतें. शिवाय ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें, म्हणून तें ठराविक काळानें बदलावें. नाहींतर सिलिंडर आंतून गंजतो.

क्लच धरतच नसेल, तर मात्र कंजुषी नको. तबकडी झिजलेली किंवा तेलानें माखलेली असते व इंजिन उतरवावेंच लागतें. मग तबकडी, तिच्यावरील दाबपट्टी आणि बेअरिंग एकदमच बदलावीं, कारण मजुरी तीच पडते. या गाडीचें बेअरिंग म्हणजे ग्राफाइटचें कडें; पेडल दाबून धरलें कीं तें घांसून झिजतें. यास्तव वरळी नाक्याच्या सिग्नलला गिअर मोकळा करावा व पाय उचलावा.

उदाहरण सोडवितांना मुलें एकदम उत्तराकडे धांव घेतात. मी त्यांना एकेक पायरी मांडावयास सांगत असें. गाडी अजून कोळीवाड्याबाहेर उभी आहे. रविवारीं सकाळीं तो मुलगा आपल्या आईला समुद्रकांठानें फिरवून आणतो.