मसुदा यंत्राचा, सही आपली

जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेल्या वकील भगिनी-बंधूंनो,

प्रतिभाताई पाटील यांनी जिथे वकिली केली, त्या जळगावात आपले मनःपूर्वक स्वागत. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पण पक्षकारांनी आणि सोयरिकींनी ती हद्द कधी मानली नाही. दुपारी भरीत आणि कळण्याची भाकरी आहे. जेवणानंतरच्या सत्रात डुलकी लागली, तर दोष स्वागत समितीचा.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आपले काम जाणार का, असे बाररूममध्ये हल्ली सगळेच विचारतात. मला वाटते, काम वाढेल आणि चुरसही. विम्याचा दावा नाकारला गेला, की रावेर-यावलचा लहान केळी उत्पादक अनेकदा गप्प बसतो. फी आणि हेलपाटे त्याला परवडत नाहीत. आता नोटिशीचा मसुदा मोबाइलवर मिळतो, ग्राहक आयोगात तक्रार ऑनलाइन करता येते, वकीलही सक्तीचा नाही. पण कंपनीही तितक्याच झटपट लांबलचक लेखी जबाब देईल. तेव्हा हाच शेतकरी आपल्याकडे येईल.

मात्र निव्वळ मसुद्याची फी घेणाऱ्यांचे दिवस कठीण आहेत. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगमुळे पुण्याचा वकील धुळ्यात उभा राहू शकतो. तसाच साक्रीचा ज्युनिअरही घरबसल्या निवाडे शोधून छत्रपती संभाजीनगर खंडपीठाची तयारी करू शकतो. जाहिरातीला बार कौन्सिलची मनाई आहे. नाव कामानेच होणार.

आणि काम म्हणजे काय? सातबाऱ्यावर नाव एका भावाचे, वहिवाट दुसऱ्याची. अहिराणीत बोलणारा पक्षकार हे पहिल्या भेटीत सांगत नाही. ते काढून घ्यावे लागते. शिवाय यंत्र बेधडक खोटेही सांगते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चॅटजीपीटीने रचलेले निवाडे सादर झाले. ५,००० डॉलरचा दंड वकिलांना आणि त्यांच्या फर्मला झाला, यंत्राला नाही.

म्हणून या परिषदेने दोन प्रश्न सोडवावेत. वाचलेल्या वेळेचा फायदा पक्षकाराच्या फीत दिसणार का? आणि मसुदे लिहीतच जे ज्युनिअर घडत आले, त्यांना आता सीनिअरांनी शिकवायचे कसे? यांची उत्तरे ठरावांत उतरावीत, एवढी अपेक्षा आहे.