झील धरणारी पुढे येते तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग, तेव्हा काही चुकले तर सांभाळून घ्या.

भजनात मात्र तुम्ही मला बारा वर्षे ऐकत आहात. ऐकत आहात असे म्हणते खरे, परंतु त्यातला माझा आवाज नेमका कोणता, हे तुमच्यापैकी एकीला तरी सांगता येईल का? नाही येणार. कारण मी झील धरणारी. पुढची बाई ओळ टाकते आणि आम्ही नऊ-दहा जणी ती उचलतो. भाजीतले मीठ जसे वेगळे काढता येत नाही तसा माझा आवाज. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. पण गटात गाणारी बाई उद्या एकटीने गायला निघाली तर तिचे काय होते, हा प्रश्न गेल्या दोन वर्षांपासून माझ्या मनात घोळत आहे. आज त्यावरच बोलणार आहे.

गोष्ट २००२ सालापासून सुरू होते. मी तेव्हा नवी नवरी होऊन जुन्या जालन्यात आले होते. आमच्या घरी केबल नव्हती. धाकट्या वन्संना गाण्याचे भारी वेड. त्या मला ओढून शेजारच्या काकूंकडे नेत. तिथे चॅनेल व्ही या वाहिनीवर ‘पॉपस्टार्स’ नावाचा कार्यक्रम लागे. ही कल्पना मूळची न्यूझीलंडची, १९९९ सालची. गाणाऱ्या मुलींची परीक्षा घ्यायची, त्यांतून काहीजणी निवडायच्या आणि त्यांचा एक गट बांधायचा, असा तो प्रकार. आपल्याकडे पाच मुली निवडल्या गेल्या. नेहा भसीन, अनुष्का मनचंदा, प्रतिची महापात्रा, सीमा रामचंदानी आणि महुआ कामत. गटाचे नाव ठेवले ‘व्हिवा’. त्यांतली नेहा माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान. मी डोक्यावर पदर घेऊन काकूंच्या दाराशी बसलेली आणि ती पडद्यावर नाचत गाणारी! सासूबाई विचारत, “काय बघून आल्या गं?” वन्सं सांगत, “काही नाही आई, भजनच होतं.” खोटे बोलल्या असे आता म्हणवत नाही. पाच बायका एका सुरात गातात, तर ते एका परीने भजनच की!

पुढे काय झाले? पाचांतली महुआ आधी बाहेर पडली. पाचाच्या चार राहिल्या आणि मग दोन-तीन वर्षांतच गटही मोडला. इकडे वन्सं सासरी गेल्या, मला मुले झाली आणि त्या पाचजणींचा आम्हाला पार विसर पडला.

मग एकदा एका लग्नात ‘सुलतान’ या २०१६ सालच्या चित्रपटातले ‘जग घूमेया’ हे गाणे लागले होते. हे गाणे चित्रपटात पुरुषाच्या आवाजात आहे आणि बाईच्याही आहे. पुरुषाचे गायले आहे राहत फतेह अली खान यांच्यासारख्या नामवंत गायकाने. लग्नात लागले होते ते बाईचे. लेकीने मोबाइलमध्ये पाहून नाव सांगितले. नेहा भसीन! मी म्हटले, अगं, ही तर आमच्या व्हिवातली! त्याच गाण्यासाठी २०१७ साली तिला उत्कृष्ट गायिकेचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. मी बोटांवर मोजले. गट बांधला २००२ साली, पारितोषिक मिळाले २०१७ साली. पंधरा वर्षे! मधल्या काळात २००८ साली ‘फॅशन’ चित्रपटात तिचे एक गाणे गाजले, २०११ साली ‘मेरे ब्रदर की दुल्हन’मधले गाजले. दक्षिणेकडच्या चित्रपटांतूनही ती गायली. म्हणजे ती घरी बसली नव्हती. तरी पंधरा वर्षे लागली.

का लागतात इतकी वर्षे? मी आपल्या भजनावरून विचार केला. गटाला लोक गटाच्या नावाने ओळखतात. गट मोडला की ते नाव कोणा एकीचे राहत नाही. प्रत्येकीने आपापला गळा घेऊन घरी जायचे. गाण्यात तिच्या वाट्याला एक-दोन ओळी आलेल्या, त्यावरून ही पूर्ण गाणे पेलील की नाही हे संगीतकाराला कसे कळावे? सिनेमाच्या धंद्यात तर असेही चालते की एकीकडून गाणे गाऊन घेतात आणि पुढे तेच दुसरीच्या आवाजात भरतात. पहिलीला ते चित्रपट लागल्यावर कळते. त्यातून लोकांना तीच जुनी, पाचजणींची मजा हवी असते. एकटी उभी राहिली की विचारतात, “बाकीच्या कुठे आहेत?”

मग यातून ज्या तरल्या त्या कशाने तरल्या? नेहाने पंजाबातली जुनी लोकगीते हाती घेतली. ‘मधाणियां’, ‘लौंग गवाचा’ अशी, लग्नाघरी बायका म्हणतात ती. पती समीर उद्दीन संगीतकार. त्यांच्या साथीने तिने ही गाणी नव्याने गायली आणि कोणा चित्रपटाची वाट न पाहता लोकांपुढे ठेवली. अनुष्काने दुसरी वाट धरली. चित्रपटात गाऊन झाल्यावर तिने ‘किस न्यूका’ असे निराळेच नाव घेतले आणि ती आपले संगीत आपणच रचू लागली. दोघी एकाच गटातल्या, परंतु एकीची वाट दुसरीच्या उपयोगाची नव्हती.

आपल्या महाराष्ट्रात हे आधीही घडले आहे. सुलोचना चव्हाण (१९३३ ते २०२२) लहानपणी गणेशोत्सवातल्या मेळ्यात काम करीत. मेळा म्हणजे पुष्कळ मुलांचा घोळका. तिथून त्या हिंदी चित्रपटांत पार्श्वगायनाला गेल्या, बरीच गाणी गायल्या. परंतु आज त्यांना आपण ओळखतो ते लावणीसाठी. लावणीची फेक त्यांना पतीने, दिग्दर्शक श्यामराव चव्हाण यांनी शिकवली. आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटले आणि २०२२ साली पद्मश्री मिळाली. मला त्यांचे मोठे कौतुक वाटते ते असे की, इतकी ठसकेबाज लावणी म्हणताना त्या डोक्यावरून पदर घेऊन, एका जागी उभ्या राहत. दुसऱ्या कोणासारखे होण्याच्या फंदात त्या पडल्या नाहीत. गाणे बदलले, गळा मात्र आपलाच ठेवला.

आता मोठ्यांच्या गोष्टी पुरे. माझी स्वतःची सांगते आणि त्यात एक कबुलीही द्यायची आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्यातल्या एक ताई भजन सोडून एकटीने गायला लागल्या. नाव घेत नाही. डोहाळजेवण, हळदीकुंकू, कुठे कीर्तनाआधीची दोन पदे, असे कार्यक्रम त्या घेऊ लागल्या. आपण सगळ्या काय म्हणालो ते आठवते का? “आपल्यातच शिकली आणि आता आपल्यालाच ओळख देत नाही.” “फार शहाणी झाली.” हे बोलण्यात माझा आवाज सर्वांत मोठा होता. तिथे मी झील धरली नाही, तिथे मी पुढे होते! ताईंनी इकडे येणे सोडले. पुढे बिऱ्हाडही नव्या जालन्यात नेले.

त्यानंतर दोन वर्षांपूर्वीची आषाढी. आनंदी स्वामींच्या पालखीचे दिवस, जुन्या जालन्यात घरोघरी भजने. पुढे म्हणणाऱ्या आपल्या बाईंचा घसा बसला आणि त्या मला म्हणाल्या, “आज तू म्हण.” अभंग मला झोपेत विचारला तरी येईल असा. पेटी नेहमीप्रमाणे काळी पाचला लावलेली होती. पहिली ओळ निभावली. दुसरी वर चढली आणि माझा आवाज चिरकला. ओळीच्या मध्येच दम संपला. तुम्हाला कारण सांगते. बारा वर्षे मी जिथे श्वास घेत होते तिथे बाकीच्या जणी सूर धरून ठेवीत होत्या, म्हणून माझा श्वास कोणाला दिसला नाही आणि मलाही तो कळला नाही. त्या दिवशी मागे धरायला कोणी नव्हते. झील धरायची त्याही गोंधळून गप्प झाल्या. कोणीतरी हसले. मी टाळ खाली ठेवले, गॅसवर दूध ठेवून आले आहे असे सांगितले आणि घरी आले. दूध बिध काही नव्हते. देवघरापुढे बसून रडले.

दोन महिने मी भजनाला आले नाही. आमच्या घरचे म्हणाले, “अगं, तू काय पोटासाठी गातेस काय? दे सोडून.” सोडून देता येईना. मग एके दिवशी धीर केला, कुंडलिकेचा पूल ओलांडला आणि नव्या जालन्यात त्या ताईंचे दार वाजवले. म्हटले, “ताई, तुमच्या मागे मी वाईट बोलले. मला माफ करा.” त्यांना ठाऊक होतेच. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग चहा ठेवला. चहा झाल्यावर पेटी काढली आणि म्हणाल्या, “सा लाव.”

काळी पाचला लावला, ओढून लागला. त्यांनी पेटीवर बोट खाली आणले. पांढरी पाच, जरा बरा. काळी तीन, आणि माझा सूर असा बसला की मीच चपापले. इतका भरीव आवाज माझ्या गळ्यात होता आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती! ताई म्हणाल्या, “ही तुझी पट्टी. बारा वर्षे तू दुसरीच्या पट्टीत म्हणत होतीस.” मग त्यांनी माझी वही मागितली आणि अभंगाच्या प्रत्येक ओळीत श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीने बारीक खुणा करून दिल्या.

निघताना मी विचारले, “ताई, एकटीने गाणे कसे जमले तुम्हाला?” त्या म्हणाल्या, “पहिल्या वर्षी सहा-सात माणसांपुढे गायले. कुठे बिदागी मिळाली, कुठे नुसता नारळ. चूक झाली की झाकायला शेजारी कोणी नाही. घरी येताना तुमची फार आठवण यायची. मी काही गर्वाने गेले नव्हते गं. मला माझा आवाज एकदा ऐकायचा होता.”

मैत्रिणींनो, तेव्हा मला समजले. गट माणसाला सूर देतो, ताल देतो, धीर देतो. मी गटाला नावे ठेवीत नाही. त्या पाच मुलींनाही गट नसता तर कोणी ओळखले नसते. परंतु गट एक गोष्ट देऊ शकत नाही, ती म्हणजे आपली पट्टी. ती ज्याची त्याला शोधावी लागते. शोधताना आवाज चिरकतो, लोक हसतात. अशा वेळी मागे राहिलेल्या बायका काय करतात, यावर पुष्कळ अवलंबून असते. आपण आपल्या ताईंना मदत केली नाही. त्या आपल्या हिमतीवर उभ्या राहिल्या. दुसरी एखादी कायमची गप्प बसली असती. मीच बसणार होते.

म्हणून वर्धापनदिनी मंडळापुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, महिन्यातून एका भजनाला झील धरणारीपैकी एकीने पुढे होऊन एक अभंग म्हणावा आणि पेटी तिच्या पट्टीत लावावी. तिने पेटीच्या मागे धावू नये. दुसरी, चुकले तर कोणी हसू नये. झील सोडू नये, उलट तिथेच जोराने धरावी. तिसरी, आपल्यातली कोणी बाहेर गायला गेली तर आपण सगळ्यांनी जाऊन पहिल्या रांगेत बसावे. अनोळखी लोकांपुढे चार ओळखीचे चेहरे दिसले की काय होते, ते गाणारीला विचारा.

ताईंना मी आजचे आमंत्रण देऊन आले आहे. “बघते,” म्हणाल्या. आल्या तर आपण त्यांना पुढे बसवू. नाही आल्या तर चूक त्यांची नाही, आणि पुढच्या महिन्यात आपण मिळून त्यांच्याकडे जाऊ.

आता भाषण संपल्यावर भजन आहे. पेटीवरच्या वहिनींना मी सांगून ठेवले आहे, आज एक अभंग काळी तीनमध्ये लावा. तो मी म्हणणार आहे. वहीत पेन्सिलीच्या खुणा आहेत, तरी चुकेन कदाचित. चुकले तर चुकू द्या, पण आज झील तुम्ही धरा.