केरातील सोने आणि बॅटरीतील कोबाल्ट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवात सोन्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. म्हणून प्रारंभ सोन्यापासूनच करतो. सांगली जिल्ह्यातील विटे, खानापूर, आटपाडी या अवर्षणग्रस्त भागातून गलाईचा व्यवसाय करणारी आपली माणसे देशभर पांगली. दिल्लीच्या सराफ बाजारातही त्यांच्या भट्ट्या आहेत. पुरेशी चांदी मिसळून वितळविलेली मोड नत्राम्लात टाकली की चांदी आणि तांबे विरघळतात, सोने तळाशी राहते. त्या द्रावणात तांब्याची पट्टी बुडविली की चांदीही परत मिळते. सराफाच्या दुकानातील केर धुऊन सोन्याचे कण वेचणारा झारेकरी आपल्या पेठांना परिचित होता. उत्तरेत त्याला न्यारिया म्हणतात. टाकाऊ लिथियम बॅटरीतून धातू काढण्याची विद्या याच कुळातली आहे, हे आज मला सांगावयाचे आहे.

ही बॅटरी १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली. तिच्या पायाभूत संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्या आत तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइट आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर एखाद्या धातूचे लिथियमयुक्त संयुग लेपलेले असते. दूरध्वनी संचात बहुधा ते लिथियम-कोबाल्ट ऑक्साइड असते. त्याच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ६० ग्रॅम कोबाल्ट आणि ७ ग्रॅम लिथियम असते. जगातील खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून अधिक एकट्या काँगो देशातून येते आणि आपला देश या दोन्ही धातूंसाठी परक्यांवर अवलंबून आहे. तेव्हा आपल्या टेबलाच्या खणात पडलेला जुना संच ही एक लहानशी खाणच म्हणावी लागेल.

ही खाण खोदावयाची कशी? प्रथम बॅटरीतील उरलेली वीज काढून टाकतात. मग निष्क्रिय वायूच्या आवरणात तिचा चुरा करतात. पत्र्यांचे तुकडे वेगळे झाले की मागे काळी भुकटी उरते. ती गंधकाम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांत विरघळवितात. लोह, तांबे, ॲल्युमिनियम यांची अशुद्धता दूर करून कोबाल्ट व निकेल एकामागून एक वेगळे करतात आणि अखेरीस धुण्याच्या सोड्याच्या साहाय्याने लिथियमचे कार्बोनेट मिळवितात. भट्टीत वितळविण्याचाही मार्ग आहे; पण त्यात लिथियम बहुतांशी मळीत जाते. आपल्या परिसरात ग्रेटर नोएडातील लोहम, तसेच नोएडात मुख्यालय आणि रुडकीला कारखाना असलेली अटेरो या संस्था हे कार्य करीत आहेत.

मग अडते कोठे? माझ्या मते रसायनात नव्हे, तर संकलनात. शिशाची जुनी बॅटरी दुकानदार स्वतःहून परत घेतो, कारण तिच्या शिशाला भाव आहे. लिथियमच्या बॅटऱ्यांत भेद आहेत. कोबाल्टवाल्या बॅटरीला गिऱ्हाईक मिळते. परंतु लोह आणि फॉस्फेट यांवर चालणाऱ्या बॅटरीत कोबाल्टही नाही आणि निकेलही नाही. अनेक विजेच्या गाड्यांत आज हीच बॅटरी असते. भंगारवाल्याने ती का उचलावी? आणि उचललीच, तर ती सीलमपूरसारख्या वस्तीत छिन्नी-हातोड्याने फुटण्याची भीती. आतील द्रवातील लिथियमच्या क्षाराचा ओलाव्याशी संबंध आला की हायड्रोजन फ्लोराइड हा घातक वायू निर्माण होतो. शिल्लक विजेमुळे ठिणगी उडून आग लागते. बंधुभगिनींनो, आपला केर ज्याच्या हाती जातो त्याच्या फुप्फुसांचा हा प्रश्न आहे.

बाजारभाव जेथे थिटा पडतो तेथे कायद्याने पुढे यावे लागते. २००१ चे नियम केवळ शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते. ऑगस्ट २०२२ च्या नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आणि त्या जमिनीत पुरण्यास वा जाळण्यास मनाई केली. विजेच्या वाहनांच्या बॅटऱ्यांतील द्रव्यापैकी २०२४-२५ मध्ये किमान ७० टक्के आणि २०२६-२७ पासून ९० टक्के परत मिळविण्याचे बंधन पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांवर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने अशा धातूंच्या पुनर्प्राप्तीसाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. तथापि जी बॅटरी कारखान्याच्या दारापर्यंत पोचलीच नाही, तिच्यातून नव्वद टक्के काय आणि नऊ टक्के काय!

म्हणून मंडळापुढे दोन विनंत्या ठेवतो. गणेशोत्सवात आपण सारे एकत्र येतोच. त्या वेळी जुने संच आणि बॅटऱ्या जमा करून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे सुपूर्द कराव्यात. टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि फुगलेली बॅटरी स्वतंत्र ठेवावी, एवढी काळजी पुरे. दुसरी विनंती गलाईवाल्या कुटुंबांतील तरुणांना आहे. आपल्या वडिलांनी आम्ल आणि आच यांच्याशी आयुष्यभर सामना केला. ती पारख आपल्या रक्तात आहे. तिला रसायनशास्त्राच्या पदवीची आणि सुरक्षित कारखान्याची जोड द्या.

झारेकऱ्याने केराला कधी केर मानले नाही. आपणही ती दृष्टी धरावी.